९० दिवसांचा दाखला मजुरानेच का आणायचा? कष्टकऱ्यांचे हक्क त्यांच्या हाती पडावेत म्हणून सरकारने काय बदलावं

मानेवाडा_रोड

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नवीन लेबर कोड लागू झाले, जुने २९ कायदे त्यात गेले आणि तेव्हापासून जिथे जावं तिथे एकच चर्चा, मालकाला कामगार काढणं सोपं झालं का. ती चर्चा व्हायलाच पाहिजे. पण माझं रोजचं उठणंबसणं ज्यांच्यात आहे, म्हणजे ठिय्यावरचे (रोज सकाळी चौकात काम शोधायला उभे राहणारे) मजूर, गवंडी, सेंट्रिंगवाले, रेती-गिट्टी वाहणाऱ्या बाया, त्यांच्यापर्यंत जुने २९ पण कधी धड पोचले नव्हते. म्हणून प्रश्न वेगळा विचारतो. कायदा आहे, मंडळ आहे, पैसा पण आहे, तरी माणसाच्या हाती काही पडत नाही, हे का होतं आणि सरकारने त्यात नेमकं काय बदलावं?

बांधकाम कामगारांचंच घ्या. केंद्राचा कायदा १९९६ चा. बांधकामाच्या खर्चावर १ टक्का उपकर लागतो, तो आपल्याकडे नकाशा मंजूर करतानाच महापालिका किंवा नासुप्र (नागपूर सुधार प्रन्यास) भरून घेते आणि पैसा कल्याणकारी मंडळात जातो. त्यातून पोरांना स्कॉलरशिप, बाळंतपणाची मदत, कामावर मृत्यू झाला तर घरच्यांना ५ लाख, अशा बऱ्याच योजना आहेत, आणि चांगल्या आहेत. पण यातलं काहीही मिळायला आधी नोंदणी पाहिजे, आणि नोंदणीला मागच्या वर्षभरात ९० दिवस बांधकामावर राबल्याचा दाखला पाहिजे.

आता ठिय्यावरच्या माणसाचा दिवस बघा. सकाळी सातला डबा, थापी, ओळंबा थैलीत टाकून तो चौकात उभा राहतो, कोणीतरी गाडीवर येतो, दोन माणसं पाहिजे म्हणतो, भाव ठरतो, हा मागे बसून जातो, संध्याकाळी पैसे घेऊन परत. उद्या दुसरा मालक, परवा तिसरा, कधी कोणीच नाही आणि अकरा वाजता डबा तिथेच खाऊन घरी. वर्षभरात ज्यांच्याकडे काम केलं त्यातल्या निम्म्यांचं नावसुद्धा त्याला माहीत नसतं. याला सही-शिक्क्याचं पत्र कोण देणार? पालिकेचा अधिकारी देऊ शकतो असं नियमात आहे, पण तो म्हणतो मी तुला काम करताना पाहिलं कुठे. शेवटी एजंट देतो, पैसे घेऊन. मग ज्याने कधी घमेलं उचललं नाही त्याचं कार्ड तयार असतं आणि ज्याच्या हाताला घट्टे आहेत तो बाहेर.

आणि समजा दाखला मिळाला तर अंगठा लागत नाही. सिमेंट-चुन्याने बोटाच्या रेषा गेलेल्या असतात. एक बोट ठेवा, दुसरं ठेवा, रुमालाने पुसा, तेल लावून परत ठेवा, मागे लाइन वाढत जाते आणि मशीन लाल दिवाच दाखवते. मग "काका, पुढच्या आठवड्यात या." पुढचा आठवडा म्हणजे अजून एक रोजी बुडाली, ती कोणी भरून देत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की पात्र असल्याचा पुरावा देण्याचं ओझं सगळ्यात दुबळ्या माणसाच्या डोक्यावर ठेवलंय, ते तिथून काढून सरकारने, मालकाने आणि पैसा गोळा करणाऱ्या यंत्रणेने घ्यावं. योजना कितीही वाढवा, हे बदललं नाही तर काही उपयोग नाही. तुम्हाला काय वाटतं? आपापल्या क्षेत्रातलं सांगा.

खामल्याची_ताई

दादा, तुमच्याकडे निदान पैसा आणि मंडळ तरी आहे. घरकामवाल्या बायांचं काय सांगू. महाराष्ट्राने २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला, तेव्हा किती आशा होती आम्हाला. नागपुरात तर रूपाताई कुलकर्णी आणि विदर्भ मोलकरीण संघटनेने हा विषय रस्त्यावर आणला तेव्हा मोलकरणीला कामगार म्हणायलाही कोणी तयार नव्हतं. पण मंडळ झालं तरी त्याला बांधकामासारखा स्वतःचा उपकर नाही, सरकार देईल तेवढ्यावर चालायचं, आणि सरकार किती देतं ते आपण बघतोच.

आमच्याकडची बाई चार घरी जाते. पुरावा मागितला की चार मॅडमपैकी एक म्हणते सही करून अडकायचं नाही, दुसरी म्हणते साहेबांना विचारते, तिसरी म्हणते तुला काय कमी केलं मी. वाईट कोणीच नसतं हो, पण कागदावर नाव द्यायला सगळेच घाबरतात. आजारी पडली की पगार कापला, गावाला गेली तर परत येईपर्यंत दुसरी लावलेली. चोरीचा आळ आला तर पोलीस आधी तिच्याच घरी जाणार.

जानेवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने केंद्राला सांगितलं की घरकामगारांसाठी वेगळ्या कायद्याचा विचार करा, समिती नेमा. आयएलओचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा, घरकामगारांसाठीचा १८९ नंबरचा करार २०११ चा आहे, भारताने अजून त्याला मान्यता दिलेली नाही. मला विचाराल तर सुरुवात अगदी साधी करा. बाईने स्वतः लिहून दिलं की मी या या घरी काम करते, सोबत वस्तीतल्या दोन जणींची साक्ष, एवढ्यावर नोंदणी व्हावी. खोटं वाटलं तर सरकारने जाऊन तपासावं, तोपर्यंत ती पात्र.

प्रतापनगर_८८

सगळ्यांबद्दल सहानुभूती आहे पण एक विचारतो. लाडकी बहीण झालं, फुकट धान्य झालं, आता नोंदणीपण न तपासता द्या म्हणता. टॅक्स भरणारे किती आणि घेणारे किती? खोट्या नोंदण्या होतात हे तुम्हीच वर लिहिलंय. तपासणी सैल केली तर अजून होतील ना? माझ्या ओळखीत एकाचं स्वतःचं दुकान आहे आणि त्याच्याकडे बांधकाम कामगाराचं कार्ड आहे, मंडळ कामगारांना देतं तो भांड्यांचा संच पण घेऊन आला.

मानेवाडा_रोड

@प्रतापनगर_८८ तुमचा प्रश्न रास्त आहे, टाळत नाही. पण पहिलं म्हणजे बांधकाम मंडळातला पैसा तुमच्या इन्कम टॅक्समधून येत नाही, तो बांधकामाच्या खर्चावरचा उपकर आहे, फक्त याच कामगारांसाठी घेतलेला. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने देशभरातल्या या निधीवरून सरकारांना फार कडक शब्दात सुनावलं होतं, हजारो कोटी जमा होऊन पडून राहिले आणि कामगाराला मिळालं नाही म्हणून. पीएफ, ईएसआयसी (कामगारांचा आरोग्य विमा) पण तसंच, कामगाराचा स्वतःचा हिस्सा असतो त्यात.

दुसरं, तुमचा तो दुकानदार आजच्या कडक तपासणीतूनच कार्ड घेऊन गेला ना? म्हणजे कागद मागितल्याने खोटा माणूस अडत नाही, त्याच्याकडे कागद करायला पैसे आणि ओळख असते. अडतो तो खरा. खोटा पकडायचा तर यादी उघडी करा. वॉर्डात कोणाकोणाची नोंदणी आहे, कोणाला काय मिळालं, हे वॉर्ड ऑफिसच्या भिंतीवर आणि वेबसाइटवर लावा. राजस्थानने २०१९ मध्ये जन सूचना पोर्टल काढलं, त्यावर घरबसल्या अशा याद्या बघता येतात. मोहल्ल्यातल्या लोकांना बरोबर माहीत असतं कोण गवंडी आणि कोण दुकानदार. मेघालयाने तर २०१७ मध्ये सोशल ऑडिटचा, म्हणजे योजनांची तपासणी लोकांकडून करून घ्यायचा, स्वतंत्र कायदाच केला. तपासणी लोकांसमोर करा, एका टेबलामागे बसलेल्या एका माणसाच्या हाती ठेवू नका.

आणि भांड्यांच्या संचाबद्दल. मार्च २०२४ मध्ये रेशीमबागच्या सुरेश भट सभागृहात बांधकाम कामगारांच्या संच वाटपाच्या गर्दीत चेंगराचेंगरी होऊन एक म्हातारी बाई गेली. आपल्याच शहरात. हक्काची वस्तू असेल तर ती घरी पोचली पाहिजे किंवा तिचे पैसे खात्यात पडले पाहिजेत, हजारो बायांना एका हॉलसमोर उन्हात उभं करायची काय गरज होती? मला त्या बातमीनंतर कितीतरी दिवस झोप नीट लागली नाही.

हुडकेश्वर_साईट

मी लहान ठेकेदार हाय, दहा-बारा माणसं असतात माझ्याकडे, म्हणून दुसरी बाजू पण ऐका. दाखला द्यायले मले काही त्रास नाई. पण एकदा सही केली की भीती वाटते का उद्या कोणी येऊन म्हणन हे तुझे कामगार ना मग पीएफ कुठे, रजिस्टर कुठे, लायसन कुठे. माह्या वरच्या पार्टीकडून बिल सहा सहा महिने निघत नाई, मी मजुराले शनिवारी पैसे देतो ते कधी कधी बायकोचे दागिने ठेवून. मोठा बिल्डर कागदावर कुठंच नसतो, सगळं माह्या नावावर.

आता माझं म्हणणं ऐका. नकाशा मंजूर होते तेव्हा पालिकेले माहीत असते ना कुठल्या प्लॉटवर, किती चौरस फूट, किती खर्चाचं काम होऊन राह्यलं. १ टक्का तेव्हाच घेऊन घेते. मग त्याच वेळी त्या साईटचा एक नंबर काढा. साईटवर बोर्ड लावा, त्यावर कोड. मजूर आला का मोबाईलवर किंवा मुकादमाच्या मोबाईलवर त्या नंबरले हजेरी. ९० दिवस आपोआप जमा होतीन, दहा साईटवरचे का होईना. मले सही करावी लागत नाई, मजुराले माह्या मागे फिरावं लागत नाई. मोबाईल नसला तर कार्ड द्या, मुकादम पंच करन. पैसा घेताना साईट माहीत असते अन् माणूस नोंदवताना साईट माहीत नसते, हे काहून?

मानेवाडा_रोड

हुडकेश्वर भाऊ, जबरदस्त. हे मी सरकारला द्यायच्या माझ्या निवेदनात टाकतोय. फक्त एक अडचण, घराचं किरकोळ काम, प्लास्टर, टाइल्स, पाण्याची टाकी, याला नकाशा लागत नाही आणि ठिय्यावरचं बरंच काम तेच असतं. त्यांच्यासाठी ठिय्यावरच पालिकेचा माणूस रोज सकाळी दोन तास बसवा, आज कोण आला, कोण कामावर गेला याची नोंद घ्यायला. चौकात तसा शेड आणि नळ पण लागतोच, बायांसाठी संडास लागतो. उभं राहणारे लोक ठरलेले असतात, महिन्याभरात तो माणूस सगळ्यांना ओळखायला लागेल.

सिव्हिल_लाइन्स_निवृत्त

मी राज्य सरकारच्या सेवेतून निवृत्त झालो, कामगार कायद्यांशी संबंध होता, जास्त सांगत नाही. धागा वाचून राहवलं नाही.

हुडकेश्वरकरांनी फार महत्त्वाच्या जागेवर बोट ठेवलंय. मूळ मालक कागदावर नसतो, पण कायद्यात तो होता आणि आहे. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याच्या कलम २१(४) मध्ये स्पष्ट लिहिलं होतं की ठेकेदाराने मजुरी दिली नाही किंवा कमी दिली तर मूळ मालकाने ती द्यायची आणि नंतर ठेकेदाराकडून वसूल करायची. नवीन कोडमध्येही ही जबाबदारी ठेवली आहे. पण कामगाराला मूळ मालक कोण हेच माहीत नसतं, कारण साईटवर किंवा कंपनीच्या गेटवर तसा बोर्ड नसतो. बुटीबोरी, हिंगण्याच्या एमआयडीसीत किंवा कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रात कंत्राटी माणसाला विचारून बघा तू कोणाचा, तो मुकादमाचं नाव सांगेल.

१९८२ मध्ये एशियाड खेळांच्या मजुरांच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने म्हटलं होतं की किमान वेतनापेक्षा कमी पैशात राबवून घेणं म्हणजे वेठबिगारीच, घटनेच्या कलम २३ चा भंग. इतका मोठा निकाल हाताशी असूनही आपण किमान वेतन मिळालं नाही ही गोष्ट अजून किरकोळ तक्रार समजतो, याचं मला नोकरीत असतानाही वाईट वाटायचं.

आता तपासणीबद्दल. भारताने कामगार निरीक्षणाचा आयएलओचा ८१ नंबरचा करार १९४९ मध्येच मान्य केलाय. त्यात निरीक्षक पुरेसे असावेत, पूर्वसूचना न देता कुठल्याही वेळी आत जाता यावं, हे सगळं आहे. प्रत्यक्षात एका माणसाकडे एवढा मोठा भाग असतो की तो तक्रार आलेल्या ठिकाणीसुद्धा वेळेत पोचत नाही, आपणहून जाणं दूरच. नवीन कोडमध्ये त्याचं नाव निरीक्षक तथा सुविधाकार झालंय आणि कोणत्या कारखान्यात जायचं ते कॉम्प्युटर ठरवणार. भ्रष्टाचार कमी व्हावा म्हणून ते ठीक, पण जिथे बारूद आहे, रसायन आहे, बॉयलर आहे, तिथे चिठ्ठी टाकून जाऊन चालत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये बाजारगावच्या स्फोटक कारखान्यातल्या स्फोटात ९ कामगार गेले, त्यात ६ बायका होत्या. आपल्या जिल्ह्यात असे कारखाने बरेच आहेत. तिथे ठरलेल्या मुदतीने आणि अचानक, दोन्ही प्रकारे तपासणी झाली पाहिजे आणि अहवाल कामगारांना वाचता येईल असा मराठीत-हिंदीत गेटवर लागला पाहिजे.

अजून एक काळजी मर्यादांची आहे. वीज वापरणारा कारखाना आधी १० कामगारांवर कायद्यात यायचा, आता २० वर. म्हणजे ज्या लहान युनिटमध्ये बोटं तुटतात त्यातली बरीचशी सुरक्षेच्या नियमांच्या बऱ्याच भागातून बाहेर. याउलट एक तरतूद फार चांगली आहे, प्रत्येक कामगाराला नेमणूक पत्र द्यायचं. हे एक जरी सरकारने खरोखर अमलात आणलं तर या धाग्यातली निम्मी भांडणं संपतील, कारण मग पुरावा मालकाच्या हातून निघून कामगाराच्या खिशात येतो. पत्र दिलं नाही तर कामगाराचं म्हणणं खरं धरायचं, उलट सिद्ध करायची जबाबदारी मालकाची, असा स्पष्ट नियम राज्याने करावा.

पारडी_भंडारा_रोड

कामगारांचं बोलून राहिले ते बरोबरच आहे पण जे कामच करू शकत नाहीत त्यांचं पण घ्या धाग्यात. आमच्या शेजारी एक आजी आहेत, नवरा नाही, मुलगा नाही, डोळ्याने कमी दिसतं. संजय गांधी निराधार योजनेत महिन्याला १५०० मिळतात. पण त्यासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत पाहिजे. २१ हजार वर्षाचे म्हणजे महिन्याला १७५०, रोजचे ५८ रुपये. अख्ख्या घराचे! नागपुरात ५८ रुपयात कोणतं घर चालतं मला सांगा. म्हणजे खरं उत्पन्न लिहिलं तर नाव कटतं, आणि दाखला देणारा, घेणारा, तपासणारा सगळ्यांना माहीत असतं की आकडा खरा नाही. सरकार म्हाताऱ्या माणसाला खोटं लिहायला लावतं, आणि मग तेच खोटं पकडून कोणालाही कधीही यादीतून काढता येतं. याचा मला खरंच संताप येतो.

वरून दरवर्षी हयातीचा दाखला. आजींचे पैसे मध्ये काही महिने आले नाहीत, ऑफिसमध्ये विचारलं तर म्हणे आधारची लिंक तुटली. बँक म्हणे ऑफिसात विचारा. कोणी कागदावर लिहून दिलं नाही की का थांबले आणि कधी सुरू होतील. आजी त्या काळात कोणाच्या घरी जेवल्या ते आमच्या गल्लीला माहीत आहे.

पेन्शन बंद करायची असेल तर आधी नोटीस द्या, घरी माणूस पाठवा, आणि चौकशी पूर्ण होईपर्यंत पैसे चालू ठेवा. माणूस जिवंत आहे का हे बघायला आशाताई, अंगणवाडीताई वस्तीत असतातच, पोस्टमन असतो. आंधळ्या बाईने तहसीलपर्यंत ऑटो करून का जावं?

आणि केंद्राचा हिस्सा बघा, ८० च्या आतल्या वृद्धाला इंदिरा गांधी पेन्शनमध्ये २०० रुपये, कित्येक वर्षांपासून २०० च. महागाईशी जोडा ना. राजस्थानने २०२३ च्या कायद्यात पेन्शन दरवर्षी १५ टक्के वाढेल असं लिहून टाकलं होतं. तसं लिहिलं असलं की दर निवडणुकीला हात जोडायची गरज पडत नाही.

सिव्हिल_लाइन्स_निवृत्त

पारडीकरांच्या मुद्द्याला एक जोड देतो. ईपीएस ९५ ची, म्हणजे पीएफवाल्यांच्या पेन्शन योजनेची, किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ पासून १००० रुपये आहे, अजून तेवढीच. ईएसआयसीची पगाराची मर्यादाही २०१७ पासून २१ हजारांवर थांबलेली. कायद्यात हक्क देऊन आकडा गोठवून ठेवला की काही वर्षांनी तो हक्क आपोआप संपतो, आणि कोणाला काही रद्द केल्याचं सांगावंही लागत नाही. यावर मोर्चे दरवर्षी अधिवेशनाला निघतात, मॉरिस कॉलेज टी पॉइंटला अडवले जातात, निवेदन घेतलं जातं.

रायडर_धरमपेठ

मी फूड डिलिव्हरी करतो. आमचा तर मालकच दिसत नाही बावा, ॲप आहे. आयडी बंद झाली की काम संपलं, काहून बंद झाली हे सांगणारा माणूस नाही, चॅटवर तेच तेच उत्तर येऊन राहते. मागच्या मे महिन्यात दुपारी दोनला ऑर्डर उशिरा पोचली कारण मी शंकरनगरला झाडाखाली बसलो होतो, चक्कर आली होती. रेटिंग पडलं. नागपुरात हीट ॲक्शन प्लॅन आहे, दुपारी बाहेर पडू नका म्हणून पालिका सांगते, पण त्याच वेळी आमच्या मोबाईलवर जास्तीचा इन्सेंटिव्ह दाखवतात कारण लोकं बाहेर निघत नाहीत. मग कोण थांबणार?

राजस्थानने २०२३ मध्ये गिग कामगारांचा (म्हणजे आमच्यासारख्या ॲपवर काम करणाऱ्यांचा) कायदा केला, कर्नाटकाने २०२५ मध्ये केला. कर्नाटकात आयडी बंद करायची तर कारण लेखी द्या आणि आधी कळवा असं आहे. केंद्राच्या सामाजिक सुरक्षा कोडमध्ये कंपनीने उलाढालीच्या १ ते २ टक्के निधीत टाकायचे असं लिहिलंय. महाराष्ट्राने काहून थांबावं? पैसा तर प्रत्येक ऑर्डरवर कापता येते, सगळं ऑनलाइनच आहे, किती वाजता कुठे होतो ते कंपनीले माहीत आहे. आमचा ९० दिवसांचा पुरावा आधीच त्यांच्या सर्व्हरवर पडलाय, सरकारने फक्त मागून घ्यावा. आणि रेड अलर्ट असला तर १२ ते ४ मध्ये उशिराचा दंड नको, एवढा एक नियम तरी करा.

बेझनबाग

बाबासाहेब १९४२ ते ४६ व्हाइसरॉयच्या कौन्सिलमध्ये मजूरमंत्री होते. आठ तासांच्या कामाची गोष्ट त्यांनी त्या काळात कामगार परिषदेत लावून धरली. ज्या शहरात आपण दरवर्षी दीक्षाभूमीवर लाखोंनी जमतो त्या शहरातला सफाई कामगार वर्षानुवर्षं ऐवजदार म्हणून राबला, म्हणजे कायम माणसाच्या ऐवजी रोजावर. माझे वडील ऐवजदार होते. पुढे बऱ्याच जणांना कायम केलं, पण केस पांढरे झाल्यावर. तोपर्यंत सुट्टी नाही, मेडिकल नाही, रिटायरमेंट जवळ आलेली. आता नवीन पोरं ठेकेदाराकडे लागतात, म्हणजे परत पहिल्यापासून तेच.

सुरक्षेच्या साधनांशिवाय गटारात माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने मृत्यू झाला तर ३० लाख द्या म्हणून सांगितलं. कुटुंबाला मिळालेच पाहिजेत. पण मला वाटतं सरकारचं काम त्याच्या आधी सुरू होतं. मशीन किती घेतल्या, त्या चालू आहेत का, रात्री दोनला चोक अप झाला तर मशीन किती वेळात येते, हे प्रत्येक झोनने जाहीर करावं. मशीन वेळेत येत नाही म्हणूनच खाजगी सोसायटीवाले चौकातून कोणाला तरी बोलावून पाचशे रुपये हातावर ठेवतात आणि खाली उतरवतात. त्या सोसायटीवर गुन्हा दाखल झाल्याचं मी तरी माझ्या भागात पाहिलं नाही.

खामल्याची_ताई

बेझनबाग दादा, वाचून गलबलून आलं. आशाताई, अंगणवाडीताईंचं पण हेच आहे. वर पारडीकरांनी हयातीचा दाखला त्यांच्याकडे द्या म्हटलं, पटलं मला, पण त्यांना सरकार स्वतःच मानधनावर ठेवतं. अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सुप्रीम कोर्टाला २०२२ मध्ये सांगावं लागलं. जे सरकार स्वतःच्या कामाला माणूस ठेवून त्याला कामगार म्हणत नाही, त्याचं खाजगी मालक कशाला ऐकतील? प्रत्येक नवीन योजनेचा फॉर्म याच बाया भरतात, त्याचे वेगळे पैसे ठरवा आणि वेळेवर द्या.

मानेवाडा_रोड

एक गोष्ट सगळ्यांसमोर ठेवतो, मला ती कळली तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. आपल्या १९६६ च्या नगररचना कायद्यात कलम ४५(५) आहे. बिल्डरने नियमात बसणारा नकाशा दिला आणि ६० दिवसात पालिकेने हो-नाही काहीच कळवलं नाही, तर परवानगी मिळाली असं समजायचं. म्हणजे सरकारचा उशीर हा सरकारच्या अंगावर. त्याच इमारतीवरून पडून मेलेल्या मजुराच्या बायकोने मंडळाकडे अर्ज केला तर ६० दिवसच काय, वर्ष झालं तरी अर्ज "प्रलंबित" राहू शकतो, आणि तो उशीर तिच्या अंगावर.

तेव्हा माझी मुख्य मागणी हीच. निराधार, बांधकाम मंडळ, रेशन, शिष्यवृत्ती, या सगळ्या अर्जांना मुदत ठरवा, आणि मुदतीत लेखी नकार आला नाही तर अर्ज मंजूर. २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे, त्यात अधिसूचित सेवांसाठी मुदत, तीन अपिलं आणि अधिकाऱ्याला ५०० ते ५००० दंड आहे, पण अपील करायला परत त्याच माणसाला रोजी पाडावी लागते. मंजूर समजण्याचा नियम आला की टेबलामागच्या माणसाला घाई होईल.

प्रतापनगर_८८

हे मुदतीचं मला पटलं. वर मी जरा एका बाजूने लिहिलं होतं, पण ४५(५) वाचून बघितलं, खरंच तसं आहे. उघड्या याद्या आणि मुदतीत मंजुरी हे दोन्ही एकत्र आणलं तर माझा विरोध नाही. याद्यांमध्ये आधार नंबर, आजार, जात असलं काही जाऊ नये एवढं मात्र बघा.

उमरेड_रोड

मध्येच विचारतोय, माफ करा, पण अर्जंट आहे. आमच्या वस्तीतला एक सेंट्रिंगवाला दुसऱ्या मजल्यावरून पडला, मागच्या आठवड्यात. कमरेत फ्रॅक्चर, सरकारी दवाखान्यात आहे. बांधकाम मंडळाची नोंदणी नाही. ठेकेदार म्हणतो दहा हजार घे आणि सही कर. घरचे सही करायला निघालेत. काय करावं?

सिव्हिल_लाइन्स_निवृत्त

@उमरेड_रोड आधी त्यांना सही करू देऊ नका. दहा हजार उपचाराला म्हणून घेतले तरी चालतील, पण "माझा काही दावा नाही" अशा कागदावर सही किंवा अंगठा अजिबात नको. तशी परस्पर तडजोड करून कायद्याने मिळणारी भरपाई सोडून देता येत नाही, पण कागद झाला की पुढे त्रास होतो.

मंडळाची नोंदणी नसली तरी अपघाताची भरपाई मिळते, तो वेगळा हक्क आहे. १९२३ पासूनचा कायदा आहे, आता तो सामाजिक सुरक्षा कोडमध्ये आलाय. काम करताना अपघात झाला एवढं दाखवायचं असतं. ठेकेदारासोबत मूळ मालकाला, म्हणजे ज्याचं बांधकाम आहे त्याला, दोघांनाही पार्टी करता येतं. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर जुन्या कायद्यात भरपाई १ लाख ४० हजारांपेक्षा कमी नसायची, वय आणि मजुरीप्रमाणे त्याहून बरीच जास्त निघू शकते. अर्धवट अपंगत्व असेल तर टक्क्याप्रमाणे. महिनाभरात पैसे जमा केले नाहीत तर १२ टक्के व्याज, आणि कारण नसताना टाळलं तर ५० टक्क्यांपर्यंत दंड. दावा लेबर कोर्टात, २ वर्षांच्या आत.

आजच करायच्या गोष्टी सांगतो. दवाखान्यात दाखल करताना एमएलसी (मेडिको-लीगल केसची नोंद) झाली का विचारा, आणि त्यात "बांधकामावरून पडून" असं लिहिलंय का ते बघा, घरी पडला असं लिहिलेलं असू शकतं, ठेकेदार सोबत आला असेल तर हमखास बघा. पोलीस स्टेशनला लेखी तक्रार द्या, पोच घ्या. साईटचे फोटो, प्लॉट नंबर, बोर्ड असेल तर त्याचा फोटो, ठेकेदाराचे कॉल आणि मेसेज, सोबत काम करणाऱ्या दोघांची नावं नंबर. मजुरी ऑनलाइन आली असेल तर बँकेची नोंद. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा, कामगाराला तिथे मोफत वकील मिळतो.

उमरेड_रोड

खूप आभार साहेब. एमएलसीचं आत्ताच बघायला जातोय. सही थांबवली आहे, घरच्यांना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला.

हुडकेश्वर_साईट

उमरेड रोडवाले भाऊ, प्लॉट नंबर मिळत नसन तर मले लोकेशन पाठवा, त्या भागात माह्या ओळखी हायेत, नकाशा कोणाच्या नावावर मंजूर आहे ते काढून देतो. मूळ मालकाचं नाव लागनच तुम्हाले.